सगळ्यांच्या वतीनं

मोह पडायला लागला की आमच्या घरात कोणी कोणाला हाक मारून उठवत नसे. माय पहाटेच उठायची, चूल पेटवायची, आदल्या दिवशीच्या भाताची पेज करून झाकून ठेवायची आणि टोपली काखेत घेऊन निघायची. मी गोधडीत पडल्या पडल्या ऐकत असे. दाराची कडी, कुत्र्याचं एकदाच भुंकणं, आणि मग लांबून, नाल्यापलीकडच्या टोल्यावरून, म्हणजे तिथल्या छोट्या वस्तीवरून, बायकांनी एकमेकींना घातलेली साद. जंगलात शिरताना बायका अशाच मोठमोठ्यानं बोलत जात, कारण कधी कधी मोहाखाली माणसांच्या आधी अस्वल येऊन बसलेलं असे आणि त्याला निघून जायला वेळ द्यावा लागे. नऊ-दहाच्या सुमारास माय भरल्या टोपलीनं परत यायची. सारवलेल्या अंगणात मोह पसरला जायचा. पिवळट, रसरशीत फुलं दोन-तीन दिवसांत मनुक्यांसारखी लालसर होऊन सुकायची आणि त्या गोड, किंचित आंबूस वासानं डोकं जड व्हायचं. वाळलेला मोह भाजून माय जवसाबरोबर उखळात कुटायची आणि लाडू वळायची. आता मी चंद्रपुरात तिसऱ्या मजल्यावर राहते, साखरेची गोळी घेते, आणि गावाकडून कोणी तसे लाडू आणले तर सून डबा वरच्या फळीवर ठेवते. माझा हात तिथं पोचत नाही असा तिचा समज आहे.

आमचं घर तसं बऱ्यापैकी खाऊन-पिऊन सुखी होतं. बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाण्याखाली धानाची बांधी होती, बाबा सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रातून नव्या वाणाचं बियाणं आणून लावून पाहायचे, आणि गावात त्यांच्या शब्दाला किंमत होती. मोहाची चार झाडं आमच्या वाट्याची होती. गावात आणि टोल्यावर प्रत्येक घराची झाडं ठरलेली. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नसे, मग ते तिथं सडून का जाईना. आम्हाला मोह म्हणजे वरकमाई होती. टोल्यावरच्या लोकांना मात्र तो पंधरा-वीस दिवसांचा मोह म्हणजे वर्षभराचं मीठ-मिरची, कपडालत्ता आणि दवाखाना होता. मला हे ठाऊक होतं का? ठाऊक होतं. सोमी माझी मैत्रीण होती, मी तिच्या घरी जेवत होते. पण ठाऊक असणं आणि त्याचा विचार करणं यांत किती अंतर असतं, ते मला त्या वर्षी कळलं. मी तेव्हा सातवीत होते.

सोमी टोल्यावरची, गोंडाच्या घरची. काळीसावळी, ठेंगणी, हसली की डोळे दिसेनासे व्हायचे. वर्गात ती फार बोलत नसे. तिचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं, पण उत्तर आलं तरी ती पाटी उपडी घालून बसायची आणि गुरुजींनी नाव घेऊन विचारलं तरच सुलटी करायची. मी याच्या अगदी उलट. प्रश्न पुरा व्हायच्या आधी माझा हात वर. मी मॉनिटर होते, प्रार्थना मी सांगायची, हजेरीचं रजिस्टर गुरुजींच्या घरून मी आणायची, शाळेत साहेब आले तर स्वागताचे चार शब्द मी बोलायची. शुद्ध बोलायची, पुस्तकातलं. घरी मात्र मायसमोर तसं बोलले की माय म्हणायची, "आली माही मास्तरीन."

मोठे गुरुजी आमच्याकडे बदलून येऊन दोन वर्षं झाली होती. चंद्रपूरचे, किल्ल्याच्या परकोटाच्या आतले. ते एकटेच गावात खोली घेऊन राहत, स्वतः स्वयंपाक करत, आणि भाजीत एवढं तिखट घालत की डोळ्यांतून पाणी काढत जेवत. त्यांच्यासारखा मन लावून शिकवणारा माणूस मी पुढं फार पाहिला नाही. कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्यापासून त्यांनी मनावर घेतलं होतं की शाळेचं काही ठरवायचं तर मुलांनाही विचारायचं. त्या काळात हे म्हणजे बैलांना विचारून नांगरट करण्यासारखं होतं. बाबा शाळा समितीत होते, ते घरी येऊन हसले होते. "गुरुजी म्हनते, पोट्ट्यायले इचारा लागते."

आमच्या शाळेचं छत टिनाचं. उन्हाळा लागला की दुपारी आत बसणं म्हणजे तव्यावर बसणं. म्हणून शाळा सकाळची करायची, सात ते अकरा, असा गुरुजींचा विचार होता. पण आधी मुलांचं म्हणणं घेऊ, असं त्यांनी ठरवलं आणि एके दिवशी शाळा सुटताना मला थांबवून विचारलं, "विमल, सकाळच्या शाळेबद्दल मुलांचं काय म्हणणं आहे?"

मला तो क्षण चांगला आठवतो. गुरुजी दारात उभे होते, हातात पानाचा डबा होता आणि ते खरोखर उत्तराची वाट पाहत होते. एवढा मोठा माणूस माझं उत्तर ऐकायला थांबला आहे, याचीच मला भूल पडली. मी एका श्वासात सांगून टाकलं, "सगळ्या मुलांना सकाळची शाळा पाहिजे, गुरुजी." वाईट हेतू नव्हता. मला सकाळची शाळा आवडायची. अकरा वाजता सुटायचं, गरम भात खायचा, दुपारभर घरात पालथं पडून वाचायचं. मला आवडते म्हणजे सगळ्यांना आवडत असणार. मोहाचे दिवस तोंडावर आले होते आणि मोह सकाळीच पडतो, हे माझ्या मनात डोकावलंसुद्धा नाही. आमच्या घरी मोह वेचायला माय होती.

गुरुजी खूश झाले. समितीच्या बैठकीत त्यांनी सांगितलं की मुलांनीच सकाळची शाळा मागितली आहे. आमच्या गावची माणसं गुरुजींसमोर मान हलवण्यापलीकडे काही करत नसत. टोल्यावरचे दोन बापेही बैठकीला होते. त्यांनी उपरणं चाचपत "तुमी म्हनाल तसं" म्हटलं. बाबा म्हणाले, "पोट्ट्यायनंच म्हटलं तं मंग बरं हाय." ठरावबुकात नोंद झाली, 'विद्यार्थ्यांच्या मतानुसार'. ते शब्द गुरुजींनी मला दाखवले. माझं नाव त्यात नव्हतं, तरी मी त्या दिवशी घरी जाताना दोनदा ठेचकाळले, पाय जमिनीवर नव्हते.

पुढं जे झालं ते कोणालाही आधी दिसायला हवं होतं. मोह पडायला लागला आणि शाळा अर्धी झाली. टोल्यावरचं एकही पोरगं सकाळी सातला यायला तयार नव्हतं, म्हणजे येऊच शकत नव्हतं. उन्हं चढायच्या आत फूल उचललं नाही तर ते कोमेजतं, गुरं खातात, हरणं खातात. सोमीच्या घरी तर तिची माय ओली बाळंतीण होती, बाप लाकडं तोडायच्या कामावर गेलेला, आजीची कंबर वाकलेली. सहा झाडं आणि वेचणारी एकटी सोमी. गुरुजींनी पहिले दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी चिडले. त्यांच्या चिडण्यात दुःख जास्त होतं, हे आता कळतं. एरवीच्या वर्षी ते नुसते वैतागले असते. या वर्षी त्यांना वाटत होतं की मुलांनी आपणहून वेळ मागून घेतली आणि आपल्यालाच तोंडघशी पाडलं. आठवडा गेला, दुसरा अर्धा होत आला. एके सकाळी त्यांनी रजिस्टर बंद करून सांगितलं, ज्यांची हजेरी भरणार नाही त्यांना वरच्या वर्गात घालणार नाही, आणि सातवीचे जे असतील त्यांची नावं परीक्षेला जाणार नाहीत. सातवीची परीक्षा तेव्हा तालुक्याला केंद्रावर होत असे. टोल्यावरची सातवीत एकटी सोमी होती. सातवीपर्यंत पोचलेली टोल्यावरची ती पहिलीच मुलगी. आणि तिच्या बापाचं आधीपासून ठरलेलं होतं: पास झाली तर पुढं, नाही तर घरी.

कोणीतरी टोल्यावर निरोप नेला असावा. दुसऱ्याच दिवशी, दहाच्या सुमाराला, सोमी शाळेच्या दारात उभी राहिली. धावत आली होती. हात मोहाच्या रसानं चिकट, केसांत पाचोळा, दप्तर नुसतं पाठीला लटकवलेलं. गुरुजी फळ्याकडून वळले.

"ही वेळ आहे का शाळेत यायची?"

सोमीनं चिकट हात पाठीमागे नेले.

"वेळ तुम्हीच मागितलीत. मी तुम्हाला विचारून ठरवलं. आणि तुम्हीच येत नाही?"

"आमी?" सोमी म्हणाली. तिला खरंच समजलं नव्हतं. "कोनं सांगतलं, गुरुजी?"

"तुम्ही सगळ्यांनी," गुरुजी म्हणाले.

सोमीनं वर्गावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. शाळेत सगळ्यांच्या वतीनं बोलणारी दुसरी होतीच कोण? मी मान खाली घातली आणि पाटीवरचं पुसलेलं परत पुसायला लागले. एक शब्द, फक्त एक शब्द बोलायचा होता. जो हात प्रश्न संपायच्या आत वर जायचा, तो त्या दिवशी मांडीखाली दडला होता. गुरुजींनी सोमीला घरी जायला सांगितलं. ती गेली. मला माझी अजूनही लाज वाटते. साठी ओलांडली, नातवंडं झाली, तरी ती दारातून वळताना दिसते आणि मी पाटी पुसत असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मायच्या मागोमाग निघाले आणि वाटेत टोल्याच्या बाजूला वळले. सोमी तिच्या मोठ्या मोहाखाली होती. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन काळी करून ठेवलेली, त्यावर फुलं उठून दिसत होती आणि वरून अजून पडत होती, टप, टप. ती वाकून दोन्ही हातांनी वेचत होती. मी काही न बोलता तिच्या बाजूला बसून वेचायला लागले. अर्धी टोपली झाली. मग फुलांवरची नजर न उचलता तिनं विचारलं, "तुले गुरुजीनं इचारलं होतं?"

"हो."

"मंग तू आमाले काऊन नाई इचारलं?"

मी रडायला लागले. सोमीला रडण्याचा कंटाळा असावा, कारण ती म्हणाली, "रडून नको राहू, मोह तुडवून राह्यली तू." मी पाय सरकवले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "माहा बाप आला का मले म्हनन, घरीच राह्य आता. तू सांग गुरुजीले. तूच सांगतलं होतं, आता बी तूच सांग."

घरी येऊन मी आधी बाबांना सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "ठरावबुकात चढलं ते. आता कोन खोडते? गुरुजीचा मान जाईन. आठ-दहा दिवस राह्यले, जाऊ दे." बाबा दुष्ट नव्हते. त्यांना गुरुजींच्या चेहऱ्याची काळजी होती, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. माय अंगणात मोह पसरत होती. ती सहसा बाबांच्या बोलण्यात पडत नसे. हात न थांबवता ती म्हणाली, "तिले सांगू द्या. तोंड तिचंच होतं."

मी दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर, एकोणीस मुलांसमोर, उभी राहिले. पाठ करून ठेवलेली वाक्यं सगळी विसरले आणि घरच्या बोलीत बोलले. "गुरुजी, मी कोनालेच इचारलं नव्हतं. मी माहंच सांगतलं." गुरुजींना आधी कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, मोहाचं सांगितलं, सोमीच्या मायचं सांगितलं. ते खुर्चीत बसले. बराच वेळ खडू हातात फिरवत राहिले. मी छडीची वाट पाहत होते, आणि छडीपेक्षा जास्त, मॉनिटरपण जाण्याची. शेवटी ते म्हणाले, "चूक तुझी एकटीची नाही. मी एकीला विचारलं आणि सगळ्यांना विचारलं असं लिहिलं. शिकलेला मी आहे." मग म्हणाले, "टोल्यावर जा. सगळ्यांना म्हणावं उद्या या. मोह झाला की या, अकराला या, बाराला या. मी थांबतो."

इथं मला माझ्या नोकरीतलं एक सांगावंसं वाटतं. मी पुढं नर्स झाले. वॉर्डात तीस-बत्तीस वर्षं काढली. पेशंटला विचारावं, कुठं दुखतं हो, तर उत्तर द्यायला मुलगा, सून, जावई पुढे. पेशंट बिचारा आढ्याकडे पाहत पडलेला. मी नातेवाइकांना सरळ बाहेर काढायची. माझ्या हाताखालच्या पोरी म्हणायच्या, सिस्टर फार कडक आहेत. मी कडक नव्हते. मला फक्त स्वतःची खोड माहीत होती.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला सगळे जमले. टिन तापून कडकड वाजत होतं. गुरुजींनी शिबिरात शिकवलेलं काढलं. म्हणाले, "ज्यांना सकाळची शाळा पाहिजे त्यांनी हात वर करा." सगळे हात वर. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "ज्यांना दहा वाजता पाहिजे त्यांनी." पुन्हा सगळे हात वर. तेच हात, तितक्याच उत्साहानं. "ज्यांना शाळाच नको त्यांनी," गुरुजी वैतागून म्हणाले, आणि पहिली-दुसरीतले सात-आठ हात तेव्हाही वर गेले. "थट्टा करता काय रे माझी?" गुरुजी ओरडले. कोणीही थट्टा करत नव्हतं. हात वर करायला गुरुजींनी सांगितलं होतं, आणि गुरुजींनी सांगितलेलं करायचं, एवढंच आम्हाला शिकवलेलं होतं. गुरुजींचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे आमच्याकडचं सौजन्य होतं. आमच्या बापांनी बैठकीत माना हलवल्या त्याही अशाच.

सोमी दाराजवळ बसली होती. ती न विचारता बोलली, हे मी पहिल्यांदा पाहिलं. "गुरुजी, आमच्या टोल्यावर हात नाई करत. बसतेत."

"बसतात म्हणजे?"

"गोल बसतेत. सगळ्यात लहान आधी बोलते. मोठा शेवटी. मोठा आधी बोलला तं मंग बाकीचे त्याचंच म्हनतेत ना. अन् एकाचं बी मन नसन तं उठत नाई."

गुरुजी तिच्याकडे पाहत राहिले. मग चपला काढून खाली फरशीवर, आमच्यात येऊन बसले. "मी केव्हा बोलायचं?"

"तुमी सगळ्यायच्या मांगून," सोमी म्हणाली. "तुमी सगळ्यात मोठे." पोरं हसली, गुरुजीही हसले.

सगळ्यात लहान टोल्यावरची चिंगी होती, पहिलीतली, नाक वाहणारी. तिला काय बोलायचं ते कळेना. सोमीनं घाई केली नाही. आम्ही वाट पाहिली. गुरुजींच्या तोंडून दोनदा काही निघू पाहत होतं, ते त्यांनी गिळलं. शेवटी चिंगी म्हणाली, "सकारी आजीसंग मोह वेचतो. दुपारी झोप येते. संध्याकाळी मी काईच नाई करत." आणि नाक पुसून गप्प झाली.

शाळा संध्याकाळी भरू शकते, हे समितीतल्या कोणाला सुचलं नव्हतं, गुरुजींना नाही, मला तर नाहीच. शाळा म्हणजे एका दमात भरायची आणि एका दमात सुटायची, असं सगळे धरून चालले होते. चिंगीच्या त्या एका वाक्यावर मग बाकीची पोरं बोलायला लागली. एक म्हणाला, टिनात नको, बोडीच्या पाळीवर आंब्याखाली बसू, तिथं गार लागतं. एक म्हणाली, चारला ऊन असतं, साडेचारला ठीक. गावातला एक तिसरीतला म्हणाला, संध्याकाळी माझा चेंडूचा डाव असतो, मला नको. त्याच्यापाशी गाडी अर्धा तास अडली. त्याला कोणी दटावलं नाही. सगळे बसून राहिले. शेवटी सुटल्यावर उजेडात एक डाव खेळू द्यायचा, यावर तो राजी झाला. माझी पाळी आली तेव्हा अडीच वाजले होते, पोटात कावळे ओरडत होते. मॉनिटर झाल्यापासून मी कधी एवढा वेळ तोंड बंद ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, "मले चालते." दोनच शब्द. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर मग मला जास्त काही म्हणायचं उरलंच नव्हतं. शेवटी गुरुजी म्हणाले, "साडेचारला मी झोपलेला असतो," आणि सगळी पोरं त्यांच्याकडे पाहायला लागली. "बरं," ते म्हणाले, "उठतो."

मोह संपेपर्यंत शाळा दहा ते साडेबारा आमराईत आणि साडेचार ते सहा पुन्हा तिथंच भरली. गुरुजींनी समितीची बैठक पुन्हा बोलावली आणि ठरावबुकात स्वतःच्या हातानं लिहिलं की आधीची नोंद मुलांना न विचारता केली होती, ती चूक मुख्याध्यापकांची. बाबांनी सही केली आणि घरी येऊन माझ्या ताटात झिंग्यांचं कालवण जास्त वाढायला सांगितलं. मागच्या वर्षी गावी गेले तेव्हा शाळेत फलक पाहिला, समितीत आता दोन विद्यार्थ्यांची नावं असतात. फार बरं वाटलं. मी बाईंना विचारलं, ही दोन कशी निवडता? त्या अभिमानानं म्हणाल्या, सगळ्यात हुशार दोन घेतो. मी तिथल्या बाकावर बसून त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली. त्यांना कंटाळा आला असेल तर येऊ दे.

राहिला प्रश्न सोमीच्या नावाचा. गुरुजींनी रागाच्या भरात परीक्षेची यादी तालुक्याला पाठवून दिली होती, तिच्यातून ते आधीच गळलं होतं. गुरुजींनी वर पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. परीक्षेच्या दिवशी ते आम्हाला तालुक्याला घेऊन निघाले तेव्हा त्यांनी सोमीलाही एस.टी.त बसवलं, आणि हजेरीचं रजिस्टर पिशवीत घातलं. सोमी खिडकीशी बसली होती. तिच्या बापानं निघताना सांगितलं होतं, बसू नाही दिलं तर याच गाडीनं परत ये. मी तिच्या शेजारी. मी मनातल्या मनात भाषण रचत होते. साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं, कोणत्या शब्दांत, मोहाबद्दल, गरिबीबद्दल, शिक्षणाबद्दल. चांगलं भाषण होतं ते, मला अजून त्यातली दोन वाक्यं येतात.

केंद्रावरच्या साहेबांनी यादी पाहिली, रजिस्टर पाहिलं. "गुरुजी, हिची हजेरी भरत नाही. नावही नाही. कसं करायचं?" गुरुजी समजावून सांगू लागले, पण घाबरल्यावर त्यांचं बोलणं अडखळायचं. साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मी पुढे उभी होते, दोन वेण्या, लाल रिबिनी, इस्त्रीचा फ्रॉक. सोमी माझ्या मागे. "तू मॉनिटर असशील," साहेब मला म्हणाले. "तू सांग. ही मुलगी खरंच अभ्यास करते? शाळेत का येत नव्हती?"

भाषण जिभेवर आलं होतं. देवाशपथ सांगते, पहिला शब्द निघाला होता. मी तो तोंडातच धरला आणि बाजूला सरकले. "साहेब," मी म्हणाले, "ती इथंच आहे. तिलाच विचारा."

सोमी काही बोलेना. घंटा व्हायला दहा मिनिटं होती. पोरं आत जात होती. गुरुजींना राहवेना, त्यांनी तोंड उघडलं, आणि मी, आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं, त्यांची बाही धरून ओढली. ते थांबले. साहेबही, का कोण जाणे, थांबले.

"साहेब," सोमी म्हणाली, "माही माय बाळंतीन होती. मोह आमाले वेचाच लागते. सकारची शाळा होती तवा मी नाई आली. शाळा दहाले झाली तवापासून मी एक बी दिवस घरी नाई राह्यली. पाहा तुमी."

साहेबांनी रजिस्टर पुन्हा उघडलं. तिच्या नावापुढं बोट ठेवून ते सरकत गेले. आधी नुसत्या गैरहजेरीच्या फुल्या, मग एका दिवसापासून पुढं एकही फुली नाही. त्यांनी पान उलटलं, परत मागे आले. मग पेन काढून यादीच्या तळाशी तिचं नाव लिहिलं आणि शिपायाला म्हणाले, "आत बाक नाही, हिला व्हरांड्यात बसवा."

मला खिडकीजवळची जागा मिळाली होती. घंटा झाली, पेपर वाटले. पहिला प्रश्न मला येत होता, तरी मी आधी बाहेर पाहिलं. सोमी व्हरांड्यात सतरंजीवर बसली होती, गुडघ्यावर पाट ठेवून. तिनं पेपर एकदा वरपासून खालपर्यंत वाचला आणि मान खाली घालून लिहायला लागली. आता तिच्या वतीनं मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग मी माझा पेपर लिहायला घेतला.